हळदीचा डाग

जर्मनीहून आलेले फोटो मिनलने संगणकावर उघडले आणि सकाळचे पोहे तिच्या घशाशी आले.

गंज तिने पाहिला नव्हता असं नाही. चाकणच्या दिग्विजय प्रिसिजनमध्ये ती गुणवत्ता तपासणीची प्रमुख होती आणि तिची उमेदीची वर्षं गंजाशी भांडण्यातच गेली होती. पण हा गंज निराळा होता. आरशासारख्या घासलेल्या पोलादी दांड्यांवर तांबडे ओघळ उतरले होते, कुणी वरून काही ओतावं तसे. आणि काही दांड्यांवर बरोबर मध्यावर बोटाच्या पेराएवढा गोल डाग होता, आत पिवळा आणि कडेने तांबडा. खाली जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष दोन ओळींत होता. पिवळा पदार्थ म्हणजे हळद, ओघळांमध्ये क्षार आणि साखर. बंद पाकिटातल्या मालात हळद कशी आली ते कृपया कळवावे.

मिनलला शोध घ्यायची गरज नव्हती. हळद लागली तेव्हा ती तिथे हजर होती, आणि तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

या दांड्याला कंपनीत सगळे स्पूल म्हणत. जेसीबीसारख्या यंत्रांच्या व्हॉल्व्हमध्ये तो मागेपुढे सरकतो, तेव्हा यंत्राचा हात वर-खाली होतो. त्याला उघड्या बोटाचा ठसासुद्धा चालत नाही, कारण घामातलं मीठ आठवडाभरात तांबडं होऊन वर येतं. जर्मन कंपनीने आधी नमुन्याचा लॉट मागवला होता. तो पास झाला की कायमची ऑर्डर, नाही झाला तर ती जाणार व्हिएतनामच्या कारखान्याकडे. या ऑर्डरच्या भरवशावर कंपनीने पॅकिंगची नवी खोली बांधली होती आणि तिथे काही बायका कामाला घेतल्या होत्या. त्यांच्यावर देखरेख होती यास्मिनची.

यास्मिन पिंपरीची. नवरा झिशान गॅरेजमध्ये मेकॅनिक, पोरं शाळेत, आणि ती स्वतः कंत्राटी. पण पॅकिंगच्या दारात ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. खुद्द मालक दिग्विजयला तिने एकदा "साहेब, पहिले हातमोजे" म्हणून उंबऱ्यावर थोपवलं होतं. दिग्विजय तेव्हा हसला होता, आणि नंतर आल्यागेल्या पाहुण्यांना ते कौतुकाने सांगायचा. कौतुक फुकट असतं, ते करायला काय जातं?

तर त्या मार्चमध्ये लॉट तयार झाला. एकेक स्पूल धुऊन, तेल लावून, गंज रोखणाऱ्या निळ्या पाकिटात बंद करून खोक्यांत रचला गेला. मिनलने शेवटची तपासणी करून खोकी सील केली. आता खोकी उचलायची आणि कंटेनरमध्ये ठेवायची, एवढंच उरलं होतं. जगातल्या कुठल्याही कारखान्याने एवढंच केलं असतं.

पण दिग्विजयला ते साधं कसं परवडणार? "पहिला एक्सपोर्ट आहे मिनल, असा मुका कसा जाऊ द्यायचा?" मग माल भरायच्या फलाटावर मांडव पडला. 'सातासमुद्रापार झेप' असा फ्लेक्स लागला. फोटोग्राफर आला. आणि नारळ फोडायला दत्तोबाशेठला बोलावलं गेलं.

दत्तोबाशेठची ओळख करून द्यायलाही जीभ विटते, पण द्यायला हवी. कंपनीच्या भंगाराचा ठेका त्याच्याकडे. पाण्याचे टँकर त्याचे. कंत्राटी कामगार पुरवणारी एजन्सी त्याच्या मेहुण्याची. यांतलं काहीही कुणी भाव मागवून दिलेलं नव्हतं. दिलं नाही तर फाटकासमोर ट्रॅक्टर आडवा लागतो आणि भूमिपुत्रांवरच्या अन्यायाची घोषणाबाजी सुरू होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या शेतावर ही एमआयडीसी उभी राहिली ते खरे भूमिपुत्र कुठल्या कुठल्या फाटकांवर वॉचमनची शिट्टी घेऊन उभे आहेत, पण त्यांच्या नावाने खातो हा. त्याला नाराज ठेवून चालत नसे. म्हणून दसरा असो की झेंडावंदन, नारळ त्याच्याच हातात.

सकाळी येतो म्हणालेला शेठ दुपारपर्यंत आला नाही. कंटेनरचा ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. ऊन चढलं. वेळ भरून काढायला दिग्विजयने माइक हातात घेतला. निर्यातीत आपला देश मागे का पडतो, यावर त्याचं भाषण तयारच असायचं. उद्योजकांच्या बैठकांत करून करून ते तोंडपाठ झालं होतं. चाकण चौकातली वाहतूक कोंडी. गुरुवारी जाणारी वीज. बंदरात रखडणारे कंटेनर. महाग कर्ज, डॉलरचा भाव, चीन, व्हिएतनाम. त्यात खोटं काहीच नव्हतं, सगळ्यांनी ते भोगलेलंच होतं. मिनलला एवढंच जाणवलं की त्या सगळ्या कारणांमध्ये फाटकाच्या आतलं एकही कारण नव्हतं.

मग शेठ आला. मागे पांढऱ्या कपड्यांतली पोरं, तोंडात तोबरा. मांडवात शिरताना त्याने कडेच्या कुंडीत पिचकारी मारली, आणि ती कुंडी त्याच दिवसासाठी भाड्याने आणलेली होती.

"ह्या बंद खोक्यावं नारळ फोडायचा व्हय?" तो म्हणाला. "माल दाखवा की राव! आमी बी बघू, जर्मनीला काय चाललंय."

"शेठच्या हातात काहीतरी चकाकतं पाहिजे," फोटोग्राफरने भर घातली. "फोटो उठून दिसेल."

दिग्विजयने यास्मिनला खूण केली. ती जागची हलली नाही. "साहेब, सील झालंय. पाकीट नाही उघडायचं आता. हवा लागली की खराब होतंय."

"यास्मिन, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. परत बंद कर."

तिने मिनलकडे पाहिलं. मिनल म्हणाली, "सर, पूजा बाहेरूनच करू या ना, खोक्यावर."

"मिनल, सगळ्यांचा मूड घालवू नकोस."

आणि मिनलने मूड घालवला नाही. तिचं म्हणणं तिथेच संपलं.

यास्मिनने खोकी उघडली. वरच्या थरातली पाकिटं कापली. दत्तोबाशेठने उघड्या हाताने एक स्पूल उचलला, उन्हात फिरवला, "लई भारी" म्हणाला, आणि मग हळद-कुंकवात बोट बुडवून एकेका स्पूलला टिळे लावायला सुरुवात केली. मनोभावे केलं असतं तर एका टिळ्यावर भागलं असतं. पण फोटोग्राफर "शेठ, अजून एक, इकडे बघून" म्हणत होता आणि शेठचं बोट चालत होतं. शेवटी त्याने खोक्याच्या लाकडी कडेवर नारळ आपटला. पाणी उडालं आणि सरळ आत गेलं. टाळ्या झाल्या. सगळ्यांना पेढे वाटले, सगळ्यांनी ते तिथल्या तिथे खाल्ले. यास्मिनने आपला पेढा रुमालात बांधून ठेवला.

माणसं पांगल्यावर ती फडकं घेऊन खोक्यांवर वाकली. "मॅडम, वरचा थर काढू का? परत धुवायला पाठवावं लागेल."

दिग्विजयने ते जाता जाता ऐकलं. "पुसून टाक ना! जहाज काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

जहाज शेठसाठी थांबलं असतं बहुधा. धुण्यासाठी थांबलं नसतं.

ही सगळी कहाणी त्या दोन ओळींच्या निष्कर्षामागे होती. जर्मन कंपनीने खुलासा मागवला होता, आणि तोही ठरलेल्या पद्धतीने. या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात ती पद्धत भिंतीवर टांगलेली असते. तिला व्हाय-व्हाय म्हणतात. चूक झाली की 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्या उत्तराला परत 'का' विचारायचं. असं पाच वेळा केलं की चुकीचं मूळ हाताला लागतं. पद्धत जपान्यांची आणि चांगली आहे. पण आपल्याकडे तिसऱ्या 'का'पाशी कुणीतरी खालचा माणूस सापडतो आणि सगळ्यांना एकदम भूक लागते.

मिनलने सरळ लिहून काढलं होतं. गंज का? नारळाचं पाणी आणि हळद-कुंकू. ते आत का गेलं? सील केलेली पाकिटं उघडली. का उघडली? पाहुण्यांना फोटो हवा होता. पाहुणा मालापर्यंत का पोचला? त्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाचवा 'का' तिने रिकामा ठेवला होता, कारण त्याचं उत्तर लिहायला बसलं की तिला स्वतःचाच राग येत होता.

दिग्विजयने ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. "वेडी आहेस का तू? आपल्या देवाधर्माची थट्टा करायची त्या लोकांपुढे? हसतील ते."

"सर, देवाचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. पाकिटं उघडली एवढंच लिहिलंय."

"तेच तर नको. सील केल्यावर बाहेरच्या माणसाने माल हाताळला म्हटलं की संपलं." तो खुर्चीत मागे रेलला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मिनल जन्मभर विसरणार नव्हती. "अगं, हळद म्हणजे काय? जेवण! त्यांनीच आपल्याला वाट करून दिलीये. पॅकिंगच्या बाईने डबा खाल्ला, हात धुतले नाहीत, भाजीचे हात मालाला लागले. क्षार आले, साखर आली, सगळं आलं. कामगाराचा निष्काळजीपणा. बाईला काढली, पॅकिंगमध्ये डब्याला बंदी, सगळ्यांना ट्रेनिंग. परदेशी लोकांना हे पटतं."

"कुठली बाई?"

"कुठली म्हणजे? त्या खोक्यांच्या पॅकिंगवर सही कुणाची आहे?"

वड्याचं तेल वांग्यावर काढणारे मिनलने पुष्कळ पाहिले होते, पण हा तर वांगं कुणाचं तेही पाहत नव्हता. "सर, यास्मिन कधीच—"

"तिला बोलव. मी समजावतो."

यास्मिन आली आणि दाराशीच उभी राहिली. दिग्विजय तिच्याशी फार गोड बोलला, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. "यास्मिन, घाबरू नको. उद्या जर्मनांशी व्हिडिओ मीटिंग आहे, तेवढ्यापुरतं आहे हे. तुला फक्त कागदावर कामावरून काढायचं. थोडे दिवस घरी बस. मग परत ये. ती साक्षी सोडून गेली ना, तिचं कार्ड एजन्सीकडे तसंच पडलंय. त्या कार्डावर ये."

यास्मिनला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे साहेब, मी साक्षी?"

"नावात काय आहे? पगार तर चालू राहील."

"आणि यास्मिनचं काय झालं म्हणून सांगायचं?"

"हात न धुता काम करायची म्हणून काढली."

आपल्या हातांकडे तिने एकदा पाहिलं. मग "व्हिडिओवर मी बोलायचं काय?" एवढंच विचारलं.

"दाराशी उभी राहा. वेळ पडली तर सॉरी म्हण. नाहीतर मिनल मॅडम आहेतच सगळं वाचून दाखवायला."

बाहेर येताच यास्मिन मिनलला म्हणाली, "मॅडम, नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण आमच्या गल्लीतल्या दोन पोरी मी इथं लावल्यात. त्यांच्या घरी काय कळेल, यास्मिनआपा घाणेरडी आहे म्हणून काढली?" मिनलला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही.

त्या संध्याकाळी पिंपळे गुरवच्या घरी मिनलचा चहा तसाच निवून गेला. वडील साहेबराव आकुर्डीच्या मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. "आमच्याकडेपण दसऱ्याला मशीनला हार घालायचे," ते म्हणाले. "मी बुद्धवंदना म्हणणारा माणूस, पण हार धरायला मीच पुढे असायचो. मशीन बंद करून पूजा व्हायची. मशीनवरच्या चालू जॉबला कुणी बोट लावलं असतं तर फोरमनने त्याला उभा चिरला असता. पूजेनं माल नासत नाही गं. मोठेपणा मिरवल्यानं नासतो." मग त्यांनी विचारलं, "ते पाकीट उघडत होते तेव्हा तू काय म्हणालीस?"

"म्हटलं होतं बाहेरून करू या."

"आणि मग?"

साहेबरावांनी परत विचारलं नाही, उठून तिचा चहा गरम करून आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंग रूममध्ये पडदे ओढले गेले. दिग्विजय कोट घालून बसला होता. यास्मिन दाराशी उभी होती, सांगितल्याप्रमाणे. पडद्यावर जर्मन कंपनीची गुणवत्ता अधिकारी आली. तिचं नाव एमिने आयदिन. ती तुर्की आईबापांची लेक, जर्मनीत वाढलेली. महिनोन्‌महिने तिच्या सहीची पत्रं दिग्विजयच्या टेबलावर येत होती, पण ते नाव कुठलं, याचा विचार त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता.

मिनल वाचू लागली. पहिला 'का'. दुसरा 'का'. तिसऱ्याशी आली आणि अडखळली. 'पॅकिंगमधील कामगार स्त्रीने जेवणानंतर हात न धुता...' वाक्य इंग्रजीत होतं, तिने स्वतःच काल टाइप करून यास्मिनच्या नावासह जर्मनीला पाठवलं होतं. पण ते तोंडात आलं आणि कुणाचं तरी खरकटं तोंडात कोंबल्यासारखं वाटलं. दाराशी यास्मिन खाली बघत उभी होती. हातमोजे काढायलाही ती विसरली होती, तशीच कामावरून उठून आली होती.

"हे खोटं आहे," मिनल म्हणाली. "ही त्या दिवशी जेवलीच नव्हती. रमजान चालू होता. हिला रोजा होता."

दिग्विजयने झटकन आवाज बंद केला. पलीकडे चित्र दिसत होतं, म्हणून चेहऱ्यावरचं हसू त्याने तसंच ठेवलं, आणि त्या हसऱ्या तोंडाने तो बोलू लागला. "अक्कल गहाण टाकलीस का? एवढी मोठी ऑर्डर, आणि तू रोजे मोजत बसलीस?"

"सर, ती जेवली नव्हती."

"नसेल जेवली! जर्मनीत कुणाला कळणार आहे रमजान कधी होता ते? आता मी आवाज सुरू करतो, आणि तू सांगतेस की तुझी तारखांची गल्लत झाली."

पडद्यावर एमिने शांतपणे बघत होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण हसरं तोंड आणि लाल झालेले कान तिला दिसत असणारच. दिग्विजयने आवाज सुरू केला. "सॉरी मॅडम, जरा भाषेचा घोटाळा झाला."

"रमजान कधी होता ते मला माहीत आहे," एमिने म्हणाली. "मीही रोजे ठेवते."

मग तिने एक फोटो पडद्यावर आणला. दिग्विजयचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. काढायची आठवणच राहिली नाही त्याला.

फोटो त्याच दिवसाचा होता. मधे दत्तोबाशेठ, एका हातात उघडा स्पूल, दुसरं बोट हळदीने माखलेलं. शेजारी दिग्विजय, छाती काढून. पुढे फुटलेला नारळ आणि कापलेली निळी पाकिटं. हा फोटो दिग्विजयनेच लिंक्डइनवर टाकायला लावला होता, 'अभिमानाचा क्षण' म्हणून, आणि जर्मन कंपनीचं नाव त्याला जोडायचीही आज्ञा केली होती. त्यामुळे जहाज बंदर सोडायच्या आधीच तो त्यांच्यापर्यंत पोचला होता. गुन्हा करून त्याचा फ्लेक्स लावणारी जमात आपलीच. आणि पत्ता लिहून तो पोलिसांच्या दारात पोचवणारीही आपलीच.

"आम्ही तुमची खोकी मुद्दाम आधी उघडून पाहिली, या फोटोमुळे," एमिने म्हणाली. "मी वरिष्ठांना सांगितलं, रीतीभाती सगळ्यांच्याच असतात. गंज आमच्याकडेही लागतो. तो धुता येतो. ते काय सांगतात ते आधी ऐकू या." तिने फोटोचा मागचा भाग मोठा केला. "या फोटोत हातमोजे फक्त एका व्यक्तीच्या हातांत आहेत. मागे उभी आहे ती. तुम्ही जिचं नाव लिहिलंय, ती हीच का?"

यास्मिनने मान वर केली. पडद्यावर शेठच्या खांद्यामागे ती स्वतः उभी होती, दोन्ही हात छातीशी घेऊन, निळ्या हातमोज्यांत.

एमिनेने उत्तराची वाट पाहिली नाही. "तुमचा दांडा अडकला तर कुठेतरी एखाद्या यंत्राचा हात माणसावर पडू शकतो. तशा वेळी मी तुम्हाला फोन करणार, आणि तुम्ही मला काय सांगणार? माफ करा." तिने सगळ्यांचे आभार मानले आणि पडदा काळा झाला.

मिनलला वाटलं, आता तरी हा माणूस टेबलावर डोकं टेकेल. निदान दाराकडे बघून एक शब्द बोलेल. दिग्विजयने पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि विचारलं, "तो फोटो टाकला कुणी?"

"तुम्ही, सर."

"मी टाकायला सांगितलं. टाकला कुणी? स्नेहलने ना?" स्नेहल ही इंटरनेटवरचं काम बघायला नुकतीच लागलेली मुलगी. "जर्मनांचं नाव जोड म्हटलं तरी तिला कळायला नको? उद्यापासून तिला येऊ नको म्हणावं."

मिनलला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच तिला शिसारी आली. "सर," ती म्हणाली, "अजून एकदा 'का' विचारा ना."

त्याला ते कळलं नाही. तो फोन लावत होता.

ऑर्डर व्हिएतनामला गेली. दिग्विजय उद्योजकांच्या पुढच्या बैठकीत तावातावाने बोलला. तिकडचं सरकार मदत करतं, तिकडचे रस्ते बघा, आपल्याकडे नुसती भाषणं. टाळ्या पडल्या. स्नेहल गेली. मिनलला त्याने काढलं नाही; काढली तर बाहेर जाऊन बोलेल, ही भीती. पॅकिंगची खोली मात्र बंद करायची ठरली. काम नाही तर बायका कशाला? यास्मिनला साक्षी होण्याची वेळ आली नाही, एवढंच.

ऑर्डर मिळणारच या भरवशावर बनवलेला दुसरा लॉट तयार होऊन पडला होता. निळ्या पाकिटांत बंद, एकाही बोटाचा स्पर्श न झालेला. तो दांडा दुसऱ्या कुठल्या व्हॉल्व्हमध्ये बसत नव्हता, त्यामुळे घेणारं कुणी नव्हतं. भंगारात काढायचा हुकूम झाला. आणि भंगाराचा ठेका कुणाचा, ते वर सांगितलंच आहे.

एरवी गाडी पाठवून मोकळा होणारा दत्तोबाशेठ त्या दिवशी जातीने आला. चांगलं पोलाद होतं, तेही भंगाराच्या भावाने, वजनावर. ज्या बोटाने ऑर्डर बुडवली, तेच बोट आता वजनकाट्याकडे दाखवत होतं.

"वाईट झालं बगा," तो म्हणाला. "ह्ये परदेशी लोक लई चिकट. आपल्यासारखं मन मोठं न्हाई त्यांचं." मग खोक्यांकडे वळला. यास्मिन आणि तिच्या बायका शेवटचं काम म्हणून खोकी गाडीपाशी आणून ठेवत होत्या. "ए बाई, फोड बरं दोन-चार पाकिटं. बघू दे माल."

यास्मिनने मिनलकडे पाहिलं. मार्चमध्ये पाहिलं होतं तसंच.

"नाही," मिनल म्हणाली.

शेठला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. "काय?"

"पाकीट उघडायचं नाही. बंद आहे तसंच न्या."

"अहो मॅडम, भंगार हाय त्ये!" तो खो खो हसला आणि त्याची पोरंही हसली.

"असू दे भंगार. इथे उघडायचं नाही. हात लावायचा नाही." तिचा आवाज चढला होता, मानेची शीर उडत होती. वर केबिनच्या काचेआड दिग्विजय येऊन उभा राहिलेला तिला दिसला. तिने शेठवरची नजर काढली नाही. शेठने काही क्षण तिच्याकडे बघितलं, मग "चला रं, भरा" म्हणून हात झटकला. ट्रॅक्टर आडवा पडला नाही. आभाळ कोसळलं नाही. एवढंच होतं ते, आणि मार्चमध्ये म्हटलं असतं तर?

यास्मिनने शेवटचं खोकं स्वतः गाडीत सरकवलं, आधीची रचली होती तसंच नीट. गाडी फाटकाबाहेर गेली आणि शंभर पावलांवर थांबली. शेठची पोरं वर चढली आणि पाकिटं फाडून स्पूल खाली ढिगात फेकू लागली. पोलादावर पोलाद आपटल्याचा आवाज फलाटापर्यंत येत होता. फाटलेली निळी पाकिटं रस्त्यावर पसरली होती आणि कोंडीत अडकलेल्या ट्रकांच्या चाकांखाली जात होती.

"उशीर झाला मॅडम," यास्मिन म्हणाली. तिने हातमोजे काढले, उलटे करून एकात एक घातले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"हो," मिनल म्हणाली. "माझ्यामुळे."

यास्मिनने नाही म्हटलं नाही. तिने पर्स उचलली आणि ती बसच्या थांब्याकडे निघाली.